घरी बनवलेली मॉडचिप: कुठे सोपी, कुठे अवघड

जुने व्हिडिओ गेम कन्सोल उघडून दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींच्या चित्रफिती हल्ली मोठ्या संख्येने पाहिल्या जातात. त्यांत एक प्रसंग हमखास येतो. सोनीचे जुने प्लेस्टेशन उघडले जाते, आतल्या बोर्डावर आठ पायांची एक चिप चार-सहा बारीक तारांनी जोडली जाते, आणि तोवर घरी बर्न केलेली सीडी नाकारणारे यंत्र ती मुकाट्याने चालवू लागते. पाहणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न येतात. एवढ्या मोठ्या कंपनीने विचारपूर्वक बसवलेले कुलूप शे-दोनशे रुपयांच्या चिपने कसे उघडते? आणि ते इतके सोपे असेल, तर आजच्या कन्सोलवर तोच प्रयोग घरच्या टेबलावर का होत नाही?

चिप तयार करणे हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. खरा प्रश्न असा असतो की, ‘ही डिस्क अस्सल आहे’ हे उत्तर कन्सोलच्या आत कोणत्या वाटेने जाते, ती वाट उघड्यावर आहे की एखाद्या चिपच्या पोटात दडलेली आहे, आणि ते उत्तर किती वेगाने जाते. या तीन गोष्टी कळल्या की घरगुती मॉडचिप कुठे शक्य आणि कुठे जवळपास अशक्य, याचा अंदाज कोणालाही बांधता येतो.

मॉडचिप करते काय?

मॉडचिप म्हणजे कन्सोलच्या मूळ बोर्डाला बाहेरून जोडलेला एक मायक्रोकंट्रोलर. मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रोसेसर, थोडी स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलण्याचे पाय हे सगळे एकाच लहानशा चिपमध्ये असलेला संगणक. वॉशिंग मशीनमध्ये आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये तो असतोच. मॉडचिप गेम चालवत नाही, कन्सोलचा वेग वाढवत नाही आणि डिस्कवरच्या माहितीत काही बदलही करत नाही. कन्सोल स्वतःची तपासणी करत असताना मध्येच बोलणे, एवढेच तिचे काम.

सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन पाहुण्याला थांबवून इंटरकॉमवरून वर विचारतो आणि ‘आमचेच आहेत, सोडा’ असे उत्तर आले की फाटक उघडतो. आता कोणी पाहुण्याचे खोटे ओळखपत्र बनवण्याच्या भानगडीत न पडता इंटरकॉमच्या तारेलाच जोड देऊन ‘सोडा’ म्हणाले, तर वॉचमन काय करणार? तो प्रामाणिकपणे फाटक उघडेल. पहिल्या पिढीतील मॉडचिपा नेमके हेच करत. डिस्क अस्सल ठरवण्याचा खटाटोप त्या करत नसत. अस्सल डिस्कमुळे जो संकेत तारेवर उमटतो, तो त्या स्वतःच उमटवत.

कन्सोलच्या तपासणीचे उद्देश दोन असत. डिस्क कंपनीच्या कारखान्यातच छापलेली आहे ना, हा पहिला. आणि ती याच प्रदेशासाठी विकलेली आहे ना, हा दुसरा. दुसऱ्या उद्देशाचा जाच प्रामाणिक ग्राहकालाही होत असे. जपानमध्ये रीतसर पैसे मोजून घेतलेली डिस्क युरोपातल्या यंत्रावर चालत नसे. त्यातून युरोपात आणि भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर सेकंदाला ५० वेळा चित्र उमटत असे, तर जपान-अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीत ६० वेळा. पुष्कळ गेम पाल आवृत्तीत नीट जुळवून घेतलेले नसल्याने ते सुमारे १७ टक्के संथ चालत. मॉडचिप बसवणारे सगळेच फुकटे होते असे म्हणता येत नाही, ते या कारणामुळे.

चार अक्षरांचे कुलूप

प्लेस्टेशन जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ रोजी आणि अमेरिका व युरोपात सप्टेंबर १९९५ मध्ये विक्रीला आले. त्याचे गेम सीडीवर येत, आणि संगणकाला जोडायचे सीडी रायटर याच काळात स्वस्त होऊ लागले होते. नक्कल होणार हे सोनीला दिसत होते. त्यावर तिने योजलेला उपाय माझ्या मते त्या काळातील सर्वांत हुशार उपायांपैकी एक होता, कारण हे कुलूप डिस्कवरील माहितीत ठेवलेलेच नव्हते. ते डिस्कच्या घडणीत होते.

सीडीवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एका लांबलचक सर्पिल मार्गावर सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असते. लेसरचे भिंग या मार्गावरून घसरू नये म्हणून त्याला सतत डावी-उजवी दुरुस्ती मिळत राहते. सोनीच्या कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये सर्वांत आतल्या, विषयसूची असलेल्या पट्ट्यात हा मार्ग मुद्दाम किंचित नागमोडी केलेला असे. हा हेलकावा सेकंदाला २२,०५० वेळा होई. तो कधी ठेवायचा आणि कधी थांबवायचा, यातून सेकंदाला २५० बिट या संथ गतीने चार अक्षरे लिहिलेली असत. जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए आणि युरोपसाठी एससीईई. लेसरला मार्गावर ठेवणाऱ्या दुरुस्तीच्या संकेतातच हा हेलकावा दिसे, ड्राइव्हवर देखरेख करणारी कंट्रोलर चिप तो वाचे आणि अक्षरे जुळली तरच पुढचे काम होऊ देई.

सीडी रायटर ही चार अक्षरे लिहू शकत नसे. कोऱ्या सीडीवर मार्गाची खाच कारखान्यातच पाडलेली असते आणि रायटरचा लेसर त्या खाचेच्या मागोमाग जात फक्त खुणा जाळतो. खाच वाकवणे त्याच्या हातात नसते. त्यामुळे अस्सल डिस्कवरची माहिती शेवटच्या बिटपर्यंत उतरवली, तरी हेलकावा उतरत नसे. (प्लेस्टेशनच्या डिस्कचा काळा तळ हेच तिचे संरक्षण होते, असा समज अजूनही आढळतो. तो रंग निव्वळ दिखाऊ होता. ड्राइव्हचा लेसर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा असतो आणि तो त्या काळ्या प्लास्टिकमधून आरपार जातो.)

इतका विचार करूनही एक फट राहिलीच. हेलकावा वाचणारा भाग आणि त्यावरून निर्णय घेणारी कंट्रोलर चिप यांच्यामधला संकेत बोर्डावरच्या एका उघड्या तांब्याच्या रेषेवरून जात होता. इंटरकॉमची तार ती हीच. मॉडचिपने मूळ संकेत दाबून टाकायचा आणि त्या जागी आपली चार अक्षरे पाठवायची, एवढेच काम उरले.

हे काम किती हलके आहे, ते आकड्यांतून पाहण्यासारखे आहे. प्रत्येक अक्षरासाठी ८ बिट, सुरुवातीची खूण १ बिट आणि शेवटची खूण २ बिट, असे ११ बिट होतात. चार अक्षरांचे ४४. सेकंदाला २५० बिट म्हणजे एका बिटला ४ मिलिसेकंद. पूर्ण संदेश १७६ मिलिसेकंदांत संपतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या जगात ४ मिलिसेकंद म्हणजे ऐसपैस अवकाश. म्हणूनच १९९०च्या दशकात मायक्रोचिप कंपनीची पीआयसी १२सी५०८ ही, अवघ्या ५१२ सूचना मावतील एवढी स्मृती आणि २५ बाइट रॅम असलेली चिप या कामाला पुरून उरत असे.

सोनीही स्वस्थ बसली नव्हती. सुरुवातीच्या मॉडचिपा ही चार अक्षरे अखंड घोकत बसत. अस्सल डिस्कवर मात्र ती फक्त आतल्या पट्ट्यातच असतात. लेसर बाहेरच्या भागावर असताना ती ऐकू येण्याचे कारणच नाही. हा विरोधाभास पकडून पुढच्या काही गेमनी मध्येच तपासणी करायला सुरुवात केली. नको तिथे अक्षरे ऐकू आली की पडद्यावर इशारा झळके आणि गेम तिथेच थांबे. त्याला उत्तर म्हणून आलेल्या ‘स्टेल्थ’ प्रकारच्या चिपा योग्य वेळी बोलून गप्प राहू लागल्या. आज मुक्तपणे उपलब्ध असलेला पीएसनी नावाचा प्रोग्रॅम तर आणखी एक पाऊल पुढे जातो. ड्राइव्हकडून कंट्रोलरकडे जाणारी, लेसर सध्या डिस्कच्या कोणत्या भागावर आहे हे सांगणारी माहिती तो दोन तारांवरून ऐकत राहतो आणि लेसर आतल्या पट्ट्यात असेल तेव्हाच तोंड उघडतो.

घरी करायचे तर नेमके काय लागते?

साहित्याची यादी खरोखरच छोटी आहे. एटीटायनी८५ सारखी आठ पायांची चिप किंवा लहान आकाराचा आर्डुइनो बोर्ड (हौशी लोकांसाठी तयार मिळणारा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), तिच्यात प्रोग्रॅम भरण्यासाठी संगणक आणि यूएसबी प्रोग्रॅमर, बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न, सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा फ्लक्स, पातळ सोल्डर, मल्टिमीटर आणि केसासारखी बारीक आवरणाची तार. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हे सगळे एका फेरीत मिळते. प्रोग्रॅम आयता आहे. चिपमध्ये तो भरायला, एकदा सवय झाली की, दहा मिनिटेही लागत नाहीत.

कस लागतो तो पुढे. प्लेस्टेशनचे मूळ बोर्ड एकच नव्हते. पीयू-७, पीयू-८, पीयू-१८, पीयू-२०, पीयू-२२, पीयू-२३ आणि नंतरच्या छोट्या पीएस वनमधला पीएम-४१ अशा अनेक आवृत्त्या निघाल्या, आणि तार जोडण्याच्या जागा प्रत्येकीत वेगळ्या आहेत. पीयू-२२ पासून पुढे तर संकेत पाठवण्याची पद्धतही थोडी बदलते. त्यामुळे यंत्राच्या तळाशी छापलेल्या मॉडेल क्रमांकावर विसंबून न राहता बोर्डावरचा क्रमांक वाचूनच तारांच्या जोडणीची आकृती निवडावी लागते. चुकीच्या आकृतीप्रमाणे जोडलेली चिप बहुधा काहीच करत नाही. वीजपुरवठ्याची तार चुकली तर मात्र आधी चिप जाते आणि नंतर कदाचित बोर्डही.

तार जोडायची ती एखाद्या चिपच्या पायाला किंवा बोर्डावरच्या लहानशा गोल ठिपक्याला. पाय एकमेकांना इतके लगटून असतात की सोल्डरचा थेंब किंचित मोठा झाला, तरी शेजारच्या पायाशी पूल तयार होतो. आयर्न जरा जास्त वेळ टेकवले तर तांब्याचा ठिपका बोर्डावरून उचकटून येतो आणि मग रेषेचा वरचा लेप खरवडून दुसरी जागा शोधत बसावे लागते. कमी वेळ टेकवले तर ड्राय सोल्डर होतो, म्हणजे जोड दिसतो पक्का, पण यंत्र तापल्यावर किंवा हलवल्यावर सुटतो. असा जोड दुरुस्ती करणाऱ्याचा अर्धा दिवस खातो, कारण झाकण उघडे असताना सगळे ठीक चालते आणि स्क्रू आवळले की बिघडते. टीव्ही किंवा मोबाइल दुरुस्तीचा हात बसलेल्या माणसाला हे काम सोपे वाटेल. आयर्न पहिल्यांदाच हाती घेणाऱ्याने आधी एखाद्या भंगार बोर्डावर तारा जोडून-काढून पाहिलेल्या बऱ्या.

दोन धोक्यांकडे चित्रफितींत क्वचितच लक्ष वेधले जाते. मूळ प्लेस्टेशनचा वीजपुरवठा त्याच्या पोटातच असतो आणि त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ विद्युतभार राहतो. तो भाग बाजूला काढून ठेवल्याशिवाय आत हात घालणे शहाणपणाचे नाही. शिवाय जपानी यंत्र १०० व्होल्टसाठी आणि अमेरिकी यंत्र १२० व्होल्टसाठी बनवलेले असते. परदेशातून कोणी भेट आणलेला कन्सोल स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला, तर मॉडचिपचा प्रश्न कायमचा मिटतो.

आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते, ती म्हणजे चिप बसवूनही डिस्क चालत नाही. पुष्कळदा यात चिपचा दोष नसतो. या यंत्रांचे लेसर आता पंचवीस-तीस वर्षांचे आहेत, आणि कारखान्यात छापलेल्या डिस्कपेक्षा घरी बर्न केलेली डिस्क कमी प्रकाश परावर्तित करते. थकलेला लेसर अस्सल डिस्क कशीबशी वाचतो आणि बर्न केलेलीवर हात टेकतो. चिप काढून पुन्हा जोडत बसण्याआधी लेसर तपासणे हे कमी कष्टाचे काम आहे.

मग हेच सगळ्या कन्सोलवर का चालत नाही?

कारण पुढच्या कन्सोलच्या रचनाकारांनी ‘होय’ या उत्तराची वाट हळूहळू उघड्यावरून आत नेली. हा बदल प्लेस्टेशनच्याच काळात सुरू झाला होता. नंतरच्या काही जपानी यंत्रांत आणि युरोपातल्या पीएस वनमध्ये प्रदेशाची आणखी एक तपासणी यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमकडे, म्हणजे बायोसकडे दिली गेली. तिला चकवण्यासाठी बायोसमधून एक विशिष्ट बिट वाचला जात असतानाच चिपने ती तार ओढून धरावी लागते. इथे ४ मिलिसेकंदांची चैन नाही. मोजमाप मायक्रोसेकंदाच्या अंशांत जाते आणि साधी, संथ चिप उशिरा पोहोचते.

मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स नोव्हेंबर २००१ मध्ये आला. त्यात यंत्र सुरू करणारा पहिला, ५१२ बाइटचा प्रोग्रॅम एका चिपच्या आत दडवलेला होता आणि बायोस उलगडण्याची गुप्त किल्ली त्यातच होती. एमआयटीमध्ये संशोधन करणाऱ्या अँड्र्यू ‘बनी’ हुआंग यांच्या लक्षात आले की, ही माहिती त्या चिपमधून प्रोसेसरकडे जाताना बोर्डावरच्या अतिवेगवान मार्गावरून उघडीच प्रवास करते. त्या मार्गावर कान लावण्यासाठी त्यांनी खास बोर्ड घडवला आणि २००२ मध्ये किल्ली मिळवली. हे काम घरगुती नव्हते. त्याला प्रयोगशाळेतली साधने आणि दुर्मीळ कौशल्य लागले. त्यानंतर मात्र चित्र पालटले. बोर्डावरची एक तार ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या रेषेला, जोडली की एक्सबॉक्स बाहेर जोडलेल्या फ्लॅश चिपमधून बायोस वाचू लागतो, हे कळले. संगणकाच्या मदरबोर्डवर वापरली जाणारी एक साधी फ्लॅश चिप आणि काही तारा एवढ्यावर हौशी लोकांनी मॉडचिपा केल्या. अशा एका रचनेचे नावच ‘चीपमॉड’ पडले.

इथे ‘घरगुती’ म्हणताना आपण दोन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत करतो, हे स्पष्ट होते. फट शोधणे हे एक काम आणि सापडलेल्या फटीतून तार घालणे हे दुसरे. दुसरे काम घरी होते. पहिले बहुतेक वेळा होत नाही. चित्रफितीत दिसते ते नेहमी दुसरेच.

२००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये तपासणी जवळपास पूर्णपणे प्रोसेसरच्या पोटात गेली. कान लावायला तारच उरली नाही. त्यावर २०११ मध्ये ग्लीग्ली आणि टिरोस या टोपणनावांच्या दोघांनी शोधलेला मार्ग वेगळ्याच जातीचा होता. प्रोसेसर मुद्दाम संथ करायचा आणि तो प्रोग्रॅमची खूण खरी आहे का हे ताडून पाहत असतानाच्या नेमक्या क्षणी त्याच्या रीसेटच्या तारेवर अत्यंत आखूड, नॅनोसेकंदांत मोजायचा झटका द्यायचा. एवढ्याशा झटक्याने प्रोसेसर रीसेट होत नाही, पण अडखळतो, आणि तुलना चुकून ‘जुळले’ असे उत्तर देते. या पद्धतीला ग्लिच म्हणतात. प्रत्येक प्रयत्न यशस्वी होतोच असे नाही. फसला की चिप यंत्र पुन्हा सुरू करते आणि पुन्हा झटका देते. सर्वसाधारण मायक्रोकंट्रोलरपेक्षा वेगवान, आतली जोडणी हवी तशी आखता येणारी लॉजिक चिप यासाठी वापरावी लागली. एका सेकंदात शंभर कोटी नॅनोसेकंद होतात हे लक्षात घेतले, तर ४ मिलिसेकंदांच्या काळापासून आपण किती दूर आलो ते कळते.

निन्टेंडोच्या २०१७ च्या स्विच या कन्सोलची कथा तर उलट दिशेने सुरू झाली. त्यातल्या एनव्हिडियाच्या टेग्रा एक्स१ चिपमध्ये, यूएसबीवरून दुरुस्ती करण्याच्या सोयीत एक चूक सापडली आणि एप्रिल २०१८ मध्ये ती जाहीर झाली. हा प्रोग्रॅम चिप घडवतानाच तिच्यात कोरलेला असल्याने विकल्या गेलेल्या यंत्रांत तो दुरुस्त करणे कंपनीच्या हाताबाहेर होते. त्या यंत्रांना मॉडचिपची गरजच नव्हती. दोन टोके जोडणारा तारेचा तुकडा आणि यूएसबी केबल पुरत असे. त्याच वर्षी चूक सुधारलेली यंत्रे आली आणि मग पुन्हा ग्लिचची पाळी आली. २०२१ मध्ये ४ डॉलरला बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय पिको या लहानशा मायक्रोकंट्रोलर बोर्डावर जी आरपी२०४० चिप असते, तीच वापरून स्विचसाठी मॉडचिप करण्याची पद्धत २०२३ पासून पसरली. चिप स्वस्त आहे, प्रोग्रॅम उपलब्ध आहे. पण तारा जोडायच्या त्या वाळूच्या कणाएवढ्या कपॅसिटरांना, तेही प्रोसेसरच्या अगदी शेजारी. सूक्ष्मदर्शकाखाली मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचे हे काम आहे. घरगुती ते नावापुरतेच.

याउलट निन्टेंडोचाच २००१ चा गेमक्यूब आज घरी करायला प्लेस्टेशनइतकाच सोपा झाला आहे. पिकोबूट या खुल्या प्रकल्पात तोच रास्पबेरी पाय पिको पाच तारांनी जोडला जातो आणि यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम मूळ चिपऐवजी तोच पुरवतो. संकेत उघड्या तारांवरून जातो, त्याची गुप्तलिपी केव्हाच उलगडलेली आहे आणि २००१ मधला वेग आजच्या ४ डॉलरच्या बोर्डाला झेपतो. यंत्र नवे की जुने, यापेक्षा या तीन गोष्टी जुळतात की नाही, हे पाहावे.

हे बेकायदा नाही का?

याचे एका शब्दात उत्तर देणारा माणूस बहुधा कायदा वाचलेला नसतो. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले. कलाकृतीच्या हक्कांचे रक्षण करणारा तांत्रिक उपाय, ते हक्क भंग करण्याच्या हेतूने जो चुकवतो, त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. यातला ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी उपाय चुकवला, तर त्याच कलमात सूट आहे. पण दुसऱ्याला त्यासाठी मदत करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि उद्देश यांची नोंद ठेवावी, अशी अटही आहे. दुकानात बसून मॉडचिप लावून देणाऱ्यांपैकी किती जण अशी वही ठेवत असतील, हे वाचकांनीच ताडावे. रीतसर घेतलेल्या संगणक प्रोग्रॅमची, तो खराब होईल या धास्तीपोटी राखीव प्रत करण्याची मुभा कलम ५२ देते. बाजारातून उचललेल्या प्रती चालवण्याला मात्र यातल्या कोणत्याही तरतुदीचा आधार नाही.

इतरत्र कायदा याहून कडक आहे. अमेरिकेत १९९८ चा डीएमसीए कायदा संरक्षण चुकवण्यालाच, आणि त्यासाठीची साधने विकण्याला, सर्वसाधारणपणे मनाई करतो. स्विचसाठी अशी साधने विकणाऱ्या टीम एक्झेक्युटर या गटातील एका कॅनडियन सदस्याला २०२२ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ४० महिन्यांची शिक्षा सुनावली. ऑस्ट्रेलियात मात्र सोनी हरली होती. सिडनीत प्लेस्टेशनच्या मॉडचिपा विकणाऱ्या स्टीव्हन्स यांच्याविरुद्धचा खटला सर्वोच्च पातळीवर गेला आणि ऑक्टोबर २००५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने (ऑस्ट्रेलियात हेच सर्वोच्च न्यायालय) निकाल दिला की, नक्कल तयार होण्याचे काम आधीच होऊन गेलेले असते. कन्सोलमधली तपासणी नक्कल रोखत नाही, ती चालवण्याला अडथळा करते. म्हणून कायद्यातल्या व्याख्येत ती बसत नाही. तांत्रिक रचनेकडे न्यायालयाने इतक्या बारकाईने पाहिल्याची उदाहरणे थोडीच असतील. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने कायद्याची व्याख्या बदलली.

नव्या, इंटरनेटशी जोडलेल्या कन्सोलच्या बाबतीत कायद्याआधी कंपनीच कारवाई करते. बदल केलेले यंत्र ऑनलाइन सेवेत ओळखू आले की त्यावर बंदी येते आणि खात्यावर विकत घेतलेले गेमही अडकून पडू शकतात. जुन्या प्लेस्टेशनला ही धास्ती नाही. ते कोणाशी बोलतच नाही.

आज चिप हवीच कशाला?

हा आक्षेप रास्त आहे, आणि प्लेस्टेशनपुरता तर बराचसा मान्य करावा लागतो. त्याच्या सीडी कंट्रोलरमध्ये काही अघोषित आज्ञा पूर्वीपासूनच होत्या. ‘लायसन्स्ड बाय’, ‘सोनी’, ‘कॉम्प्युटर’, ‘एंटरटेन्मेंट’ आणि प्रदेशाचे नाव, अशी शब्दमालिका ठरावीक क्रमाने पाठवली की तो चार अक्षरांची तपासणी सोडून देतो. म्हणजे कुलपाची दुसरी किल्ली कंपनीनेच दाराच्या आत टांगून ठेवली होती. मात्र ती घेण्यासाठी आपला प्रोग्रॅम यंत्रात चालवता यायला हवा. २०२१ मध्ये टोनीहॅक्स या प्रोग्रॅमने ते साधले. काही गेमच्या जतन केलेल्या फायली वाचताना होणारी चूक वापरून तो आपला शिरकाव करतो आणि मग या आज्ञा पाठवतो. त्याच वर्षीच्या फ्रीपीएसएक्सबूटने तर फक्त खास तयार केलेले मेमरी कार्ड लावून हे काम केले. स्क्रू उघडायचा नाही, आयर्न तापवायचे नाही, आणि यंत्र पूर्वीसारखे करायचे तर कार्ड काढले की झाले. ज्याला आपल्या संग्रहातले जुने गेम खेळायचे आहेत आणि सोल्डरिंगची हौस नाही, त्याने प्लेस्टेशनवर आधी हाच मार्ग पाहावा, असे मी सुचवेन.

मात्र प्रत्येक वेळी यंत्र सुरू करताना हा सोपस्कार करावा लागतो आणि एखादा गेम मेमरी कार्डाशी अडून बसला तर पंचाईत होते. चिप एकदा बसली की विसरून जाता येते. शिवाय ही अघोषित शब्दमालिका अमेरिकी आणि युरोपीय यंत्रे ऐकतात, जपानी यंत्रांचे कंट्रोलर तिला दाद देत नाहीत. ज्यांच्याकडे जपानहून आलेले प्लेस्टेशन आहे, त्यांच्यासाठी आठ पायांची चिप आणि बारीक टोकाचे आयर्न हाच अजूनही सर्वांत खात्रीचा रस्ता आहे.